आधी वर बघ, मग पाण्यात

माझ्या ओळखीत तीन प्रकारचे लोक आहेत. विकेण्डला ट्रेकला जाणारे, विकेण्डला मॉलमध्ये जाणारे आणि विकेण्डला फक्त झोपणारे. मी चौथ्या प्रकारात मोडते, पण हे सहसा कुणाला सांगत नाही. कारण सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘मासे पकडतेस? तू? म्हणजे... गळ वगैरे टाकून?’

हो, गळ वगैरे टाकून. तासन्‌तास. मोबाईल सायलेंटवर ठेवून.

आता तुम्ही म्हणाल, मालवणकडची पोरगी, त्यात नवल काय? नवल असं, की मी हे गावाला शिकलेच नाही. कर्लीच्या खाडीवर आमच्या घरापासून दहा मिनिटांवर माझे बाबा रोज संध्याकाळी चिव्याची काठी घेऊन गरवायला बसायचे. प्राथमिक शाळेतले मास्तर. शाळा सुटली की हे खाडीवर! मी कधी त्यांच्यासोबत गेले नाही. बारावीनंतर पुणं, मग मास कॉम, मग डेडलाइन्स. मासा म्हणजे ताटात येतो तो, एवढाच माझा अभ्यास.

मी गरवायला शिकले ते थेट लीड्सला. 2021 साली मास्टर्ससाठी गेले तेव्हा.

नोव्हेंबर महिना. दुपारी चारला अंधार. रूमवर रडायला यायचं म्हणून मी कालव्याच्या काठाने चालत सुटायचे. लीड्स-लिव्हरपूल कालवा, 1816 मध्ये पूर्ण झालेला, 127 मैल लांब. एके काळी त्यातून कोळसा आणि कापड जायचं, आता बदकं आणि हौशी लोकांच्या बोटी जातात. तिथे एका शनिवारी मला एक म्हातारेबुवा दिसले. पेटीवर बसलेले, पाय फळीवर, हातात काठी. आणि काठी किती लांब? मी मोजत मोजत मागे पाहिलं. काठीचं एक टोक कालव्याच्या पार पलीकडच्या काठाशी आणि दुसरं बुवांच्या मांडीवर. अकरा मीटर!

‘याला रीळ कुठाय?’ हा माझा पहिला प्रश्न.

‘नसतंच, लव्ह,’ ते म्हणाले. (यॉर्कशरमध्ये सगळे सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतात. गैरसमज नको.)

तर मंडळी, याला म्हणतात पोल फिशिंग. सिनेमात दिसतं तसं झोकात गळ फेकायचा आणि चक्री फिरवत मासा ओढायचा, असला प्रकार नाही. काठीच्या टोकाला थोडाच दोरा, त्याला पेन्सिलच्या टोकाएवढा तरंगा आणि खाली गळ. काठी पुढे सरकवत न्यायची आणि गळ हवा तिथे, अगदी वीतभर जागेत, अलगद ठेवायचा. मासा लागला की काठी रुळांवरून मागे सरकवत आणायची, मधूनच ती जोडातून सोडवायची, हातात फक्त पुढचा भाग ठेवायचा आणि जाळीत मासा घ्यायचा. आता हे सगळं कालव्याकाठच्या अरुंद पायवाटेवर करायचं. मागून सायकलवाले, जॉगर्स, प्रॅम ढकलणाऱ्या आया. पहिल्या महिन्यात मी माशांपेक्षा ‘सॉरी’च जास्त पकडल्या.

बुवांनी मला शिष्य करून घेतलं. का, ते मला आजही कळलेलं नाही. बहुतेक दुसरं कुणी विचारतच नसावं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात काठी दिली नाही. म्हणाले, ‘आधी वर बघ.’

मी वर बघितलं. ढग.

‘तारा आहेत?’

‘नाहीत.’

‘मग आता पाण्यात बघ. रोज, दरवेळी, याच क्रमाने.’

कारण साधं आहे. हल्लीचे पोल कार्बन फायबरचे असतात आणि कार्बनमधून वीज जाते. शिवाय उच्च दाबाच्या तारेला काठी टेकावी लागतेच असं नाही, जवळ गेली तरी वीज उडी मारते. म्हणून तिकडे नियमच शिकवतात की डोक्यावरच्या तारांपासून तीस मीटरच्या आत गळ टाकायला बसू नये. काठाकाठाने पाट्या असतात, काठीवरही पिवळं स्टिकर असतं. मी मान डोलावली. परीक्षेत येणार नाही अशा सूचनेला आपण डोलावतो ना, तशी.

मग माझी खरेदी! लायसन्स काढलं. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांवरच्या कुणालाही गोड्या पाण्यात गळ टाकायचा तर सरकारी लायसन्स लागतं, शिवाय त्या त्या पाण्याची वेगळी परवानगी. आणि एका दुकानाच्या जुन्या मालाच्या कोपऱ्यात मला अकरा मीटरचा सेकंडहॅण्ड पोल मिळाला, नव्वद पौंडांना. टॉपचे सोळा मीटरचे पोल तीन-चार हजार पौंडांना जातात, हे कळल्यावर मी स्वतःला फार हुशार समजायला लागले.

बुवांनी पोल हातात घेतला, एकेक जोड पुसून बघितला (जोडात वाळूचा एक कण गेला तरी कार्बन घासतो), काठीच्या शेंड्यातून बाहेर आलेलं इलॅस्टिक बोटात धरून ताणलं आणि म्हणाले, ‘हे आधी बदल.’

इलॅस्टिक हा या खेळाचा खरा फंडा. पुढच्या दोन-तीन भागांच्या पोटातून रबराचा दोरा ओवलेला असतो. मासा जोरात पळाला की तो दोरा बाहेर येतो, मासा थकला की आपोआप आत जातो. रीळ नाही, पण रिळाचं काम हे रबर करतं. त्याला नंबर असतात. लहान माशाला पातळ, मोठ्याला जाड. फार जाड लावलं तर गळ माशाच्या तोंडातून निसटतो, फार पातळ लावलं तर मासा तुम्हाला फिरवतो. नातेसंबंधांवर कॉलम लिहिणाऱ्यांनी ही उपमा घ्यायला हरकत नाही, मी फुकट देतेय.

नवीन इलॅस्टिक पाच पौंडांचं. शिवाय ते ओवायची कटकट. मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात.

बाकीचं सामान मात्र मी हौसेने जमवलं. गळांचे नंबर उलटे असतात, आकडा मोठा तेवढा गळ लहान. वीस नंबरचा गळ तांदळाच्या दाण्यासारखा. तरंगा खाली बसावा म्हणून दोऱ्यावर मोहरीपेक्षा बारीक वजनं चिमटायची. ही वजनं पूर्वी शिशाची असायची. पण राजहंस ती गिळून मरायला लागले, म्हणून 1987 पासून तिकडे 0.06 ग्रॅम ते 28.35 ग्रॅममधली शिशाची वजनं गळाला लावायला बंदी आहे. आणि सगळ्यात आवडतं खेळणं म्हणजे खोली मोजायचं लोलक. गळाला अडकवून खाली सोडायचं, तरंग्याचं टोक कुठे येतं ते बघायचं. पाण्याखालचा चढउतार डोळ्यांपुढे उभा राहतो. एक इंच इकडेतिकडे झालं तर मासे तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

फेब्रुवारीत एका सकाळी तरंगा हळूच वर आला आणि आडवा पडला. ब्रीम! हा चपटा, ताटाएवढा मासा खालचं खाद्य उचलतो तेव्हा तरंगा बुडत नाही, उचलला जातो. मी काठी उचलली. इलॅस्टिक बाहेर आलं... एक फूट, एक मीटर, दोन मीटर... आणि फट्‌! रबर तुटलं. तरंगा, दोरा, गळ, सगळं घेऊन मासा गेला.

मी ‘अरेरे, केवढा मोठा होता’ म्हणायला तोंड उघडलं. बुवा पाण्याकडे बघत होते. म्हणाले, ‘त्याच्या तोंडात आता तुझा आळस आहे. दोरा कुठे झुडपात अडकला तर तो तिथेच मरेल.’

बास. एवढंच. मग ते चहा प्यायले. मी त्या दिवशी रूमवर येऊन पाच पौंडांचं इलॅस्टिक ऑर्डर केलं आणि कुणाला न सांगता थोडी रडले. इकडे पकडलेला प्रत्येक मासा परत सोडायचा असतो, हा नियम मला तोवर गमतीचा वाटायचा. आपण सोडतो म्हणजे आपण चांगले, असं काहीसं. पण सामान नीट नसेल तर सोडण्याला काही अर्थ नाही, हे तेव्हा कळलं.

बुवांबरोबर वर्ष मस्त गेलं. ते मला ॲलन स्कॉटहॉर्नच्या गोष्टी सांगायचे. बार्न्स्लीचा, म्हणजे लीड्सच्या शेजारचाच. गळाने मासे पकडण्याचा वर्ल्ड चॅम्पियन, 1996, 1997, 1998, 2003 आणि 2007, पाच वेळा! आपल्याकडे लोक सचिनबद्दल बोलतात तसे बुवा त्याच्याबद्दल बोलायचे. आणि एकदा त्यांनी मला त्यांच्या आजोबांचा जुना पोल दाखवला. बांबूचा. पितळेचे जोड असलेला, मधासारखा रंग. ‘आमच्याकडे कार्बन यायच्या आधी सगळे बांबूच वापरायचे,’ ते म्हणाले. ‘आणि तरंगा मोराच्या पिसाच्या दांडीचा.’

मी गप्पच झाले. चिव्याची काठी, मोरपिसाची दांडी. हे सगळं आमच्या माजघराच्या कोपऱ्यात उभं असायचं आणि मी त्याला टाळून मोबाईलचा चार्जर शोधायचे.

तर 2022 च्या सप्टेंबरमध्ये परत येताना मी बाबांसाठी एक भेट आणली. पाच मीटरची व्हिप. व्हिप म्हणजे पोलची धाकटी बहीण. इलॅस्टिक नाही, रीळ नाही, एकात एक जाणारे भाग आणि शेंड्याला बांधलेला काठीएवढाच दोरा. मासा लागला की उचलायचा आणि थेट हातात घ्यायचा. बाबांच्या काठीचंच कार्बन व्हर्जन. विमानतळावर सगळे तिला हॉकी स्टिक समजत होते.

बाबांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली.

‘ह्या काय हाडलंस गो? छत्रीची दांडी?’

मी एकेक भाग बाहेर काढून दाखवला. पडवीतून शेंडा थेट अंगणातल्या तुळशीपर्यंत गेला. वजन किती, तर चिव्याच्या काठीच्या निम्मंसुद्धा नाही. बाबांच्या भुवया किंचित वर गेल्या. मास्तरांच्या भाषेत याचा अर्थ ‘बरं आहे’. मग मी लीड्सच्या गोष्टी सांगायला बसले. कालवा, बुवा, वीस नंबरचा गळ, जाळीतून परत सोडलेले मासे.

‘सोडून दिलंस?’ बाबा. ‘मगे गेलंस कित्याक?’

आई हसून हसून बेजार. बाबापण हसले. वर्षानुवर्षांत आम्ही दोघं एका विषयावर सलग तासभर बोललो असू, तर त्या संध्याकाळी. खूप छान वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघून आले.

तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर आईचा फोटो. खाली ओळ, ‘बाबांचा नवा अवतार बघ.’ बांधावर उभे असलेले बाबा, हाफ पॅण्ट, डोक्याला पंचा. एका हातात कार्बनची काठी उभी धरलेली, दुसऱ्या हातात वीतभराची लालसर तांबोशी. चेहऱ्यावर असं हसू की ते मी माझ्या पदवीच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

मी फोटोला हार्ट टाकलं. मग झूम केला. म्हणजे तांबोशी बघायला. आणि बोट वर सरकलं.

काठीच्या शेंड्याच्या वर, फोटोच्या कडेला, तीन तारा.

दोस्तहो, मी कॉफी शॉपमध्ये होते, एका इव्हेण्टची स्टोरी लिहीत होते. माझे हात गार पडले. अक्षरशः. खाडीवरून पलीकडच्या वाडीला जाणारी ती वीजवाहिनी. बाबांची नेहमीची जागा तिच्या बरोब्बर खाली, कारण तिथे एक जुना दगडी धक्का कोसळलाय आणि दगडांच्या आडोशाला मासे असतात. बांधाची उंची, बाबांची उंची, वर पाच मीटरचा कार्बन. आणि हे सगळं मी, मी स्वतः, विमानातून त्यांच्या हातात आणून दिलं होतं.

आणि मी त्यांना काय काय सांगितलं होतं? गळाचे नंबर सांगितले. तरंगा सांगितला. स्कॉटहॉर्नसुद्धा सांगितला. बुवांनी पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला सांगितलेली गोष्ट तेवढी सांगितली नाही. काठीवर पिवळं स्टिकर होतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. पडवीतल्या उजेडात त्याकडे ना त्यांनी बघितलं, ना मी.

बाबांचा फोन लागेना. खाडीवर रेंज नसते. आईचा फोन वाजत राहिला. फोटो सकाळचा की आत्ताचा, तेही कळेना. शेवटी शेजारच्या काकूंना लावला, म्हटलं, कुणालातरी पळत पाठवा, बाबांना सांगा काठी आडवी करा, खाली ठेवा, उचलू नका. काकूंना वाटलं मला पुण्यात काहीतरी झालंय. त्यांचा मुलगा धावला. ती वीस मिनिटं मी कॉफी शॉपच्या बाहेर फुटपाथवर उभी राहून काढली. समोर सिग्नल किती वेळा बदलला ते मी मोजत होते.

मग बाबांचा फोन आला. ‘काय झाला? मी घराकडेच आसंय. भरती भरली, इलंय परत.’

मी एका दमात सगळं सांगितलं. कार्बन, वीज, उडी, तीस मीटर. पलीकडे शांतता. मला वाटलं, आता म्हणतील की चाळीस वर्षं तिथेच बसतोय. म्हणालेच.

‘चाळीस वर्सां थयच बसतंय मी. कायएक झाला नाय.’

तेव्हा काठी बांबूची होती, मी म्हटलं. आणि ओला बांबूही काही भरवशाचा नाही, ओली दोरीही नाही. आजवर काही झालं नाही हे नशीब. बाबा पुन्हा गप्प. मग अगदी हळू आवाजात, ‘माका आधी कित्याक नाय सांगलंस?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे होतं. पाच पौंडांच्या इलॅस्टिकचं जे होतं तेच. महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा कंटाळवाणी असते आणि मी ती शेवटी ठेवते, मग ती राहून जाते. तुटलेल्या रबराने मी एक मासा गमावला होता. या वेळी दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला माझे बाबा होते.

त्याच शुक्रवारी रात्रीची बस पकडून मी गावी गेले. शनिवारी सुकती लागल्यावर आम्ही दोघं खाडीच्या काठाने चालत निघालो, नवी जागा शोधायला. मी पावलं मोजत होते, तारांपासून चांगली शंभर पावलं, मग आणखी थोडी. बाबांचा चेहरा पडलेला. चाळीस वर्षांची जागा सोडणं म्हणजे काय, हे मला, दर अकरा महिन्यांनी फ्लॅट बदलणारीला, काय कळणार?

मग मी खिशातून लोलक काढलं. गळाला अडकवलं आणि काठी बाबांच्या हातात दिली. ते टोक खाली सोडत गेले. इथे चार फूट. इथेही चार. इथे पाच... आणि मग एकदम आठ! काठापासून काठीभर अंतरावर एक खळगा. बाबांनी पुन्हा सोडून बघितलं. आणखी एकदा. शाळेत फळ्यावरचं गणित पडताळून बघायचे, तसं.

‘हय खाल काय तरी आसा,’ ते पुटपुटले आणि पिशवीतून सोललेलं सुंगट काढलं.

त्या दिवशी आम्हाला दोन शेंगटी आणि हाताच्या पंजाएवढी एक काळुंद्र मिळाली. काळुंद्र मी सोडूया म्हटलं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. संध्याकाळी आईने तिचं तिखलं केलं. अप्रतिम झालं होतं. बुवा, माफ करा!

आता तुमच्यापैकी कुणाला हे वाचून काठी घ्यावीशी वाटली, तर अनुभवाचे चार शब्द. पहिली काठी चार-पाच मीटरची घ्या, अकरा मीटरच्या फंदात पडू नका, खांदे जातात. सेकंडहॅण्ड घेतलीत तर आधी इलॅस्टिक बदला, मग मिरवा. जोड कोरडे करून, पुसूनच ठेवा. गळाच्या आधीचा दोरा मुख्य दोऱ्यापेक्षा पातळ ठेवा, म्हणजे तुटलंच तर टोकाशी तुटेल आणि मासा सगळं सामान घेऊन जाणार नाही. तुटका तंगूस काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकतो. आभाळ गडगडायला लागलं तर काठी खाली ठेवून निघा.

पण हे सगळं नंतर. सगळ्यात आधी काय, ते तुम्हाला आता माहीत आहे.

मी बुवांनाही हे सगळं पत्राने कळवलं. त्यांना व्हॉट्सॲप वगैरे जमत नाही. उत्तरादाखल एक जाड पाकीट आलं. आत पत्र नव्हतंच. दहा पिवळी स्टिकर्स होती. एक मी बाबांच्या काठीच्या मुठीशी चिकटवलं आणि त्याखाली मार्करने मराठीत लिहिलं. एक पडवीच्या खांबावर, जिथे काठी टेकून ठेवतात तिथे.

आणि हल्ली रोज संध्याकाळी, साधारण पाचच्या सुमारास, मी कुठल्याही मीटिंगमध्ये असले तरी फोन एकदा थरथरतो. खाडीवर जायच्या वाटेवर शेवटची रेंज मिळते तिथून बाबांचा व्हॉइस मेसेज असतो. चार सेकंदांचा.

‘वर बघलंय गो. काय नाय.’